न बघितलेले तीन पत्ते

साखर पेठेतल्या एका इमारतीच्या खालच्या मजल्यावर, रस्त्याकडच्या खोलीत, मी एकतीस मुलांना शिकवत होते. शाळा म्हणावी असं तिथं फार काही नव्हतं. जुन्या दाराच्या फळ्या जोडून काळा रंग दिलेला एक फळा, बसायला पोती आणि चिंचोक्यांनी भरलेला पत्र्याचा डबा. मुलं विड्या वळणाऱ्या बायकांची आणि मागावर काम करणाऱ्यांची. आई मांडीवर सूप घेऊन विड्यांना बसली की लहानग्यांचं करायचं काय, म्हणून ती माझ्याकडं यायची. पाच ते सात वर्षांची. कुणी घरी तेलुगू बोलायचं, कुणी कानडी, कुणी दखनी. मराठी त्यांना माझ्याकडं येऊनच भेटायची.

खोली शंकरप्पा मालकांनी दिली होती, भाड्याशिवाय. ते वारले आणि इमारत त्यांच्या मुलाकडं, सिद्रामप्पांकडं आली. चौऱ्याहत्तर सालच्या दसऱ्याला सिद्रामप्पांनी निरोप पाठवला की दिवाळी झाली की खोली रिकामी करा. त्यांचा चादरींचा धंदा वाढला होता. टेंभुर्णीच्या एका व्यापाऱ्याचे गठ्ठे ठेवायला रस्त्याकडची जागा हवी होती. मी तीनदा जाऊन भेटले. तिन्ही वेळा त्यांनी चहा पाजला आणि बघू म्हणाले. आमच्या पेठेत एखादा मालक बघू म्हणाला की त्याचं बघून झालेलं असतं.

दुसरी खोली मिळण्यासारखी नव्हती. मिळाली असती तरी लांब मिळाली असती, आणि पाच वर्षांचं पोर पेठ ओलांडून एकटं येणार नव्हतं. खोली गेली की मुलं पुन्हा आयांच्या सुपांपाशी तंबाखूच्या धुळीत बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग मला पाडव्याचा शब्द आठवला.

त्या इमारतीत एक जुनी रीत होती. दिवाळीच्या पाडव्याला दुपारी मालकांच्या दुकानातल्या गादीवर तीन पत्तीचा डाव बसायचा. पैसे लावायचे नाहीत, असा शंकरप्पांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. कवड्या वाटायच्या. चार जण, प्रत्येकी पंचवीस. तिन्हीसांजेला घरातली बाई उंबऱ्यावर दिवा ठेवी, आणि दिवा ठेवला की पत्ते बंद. त्या क्षणी ज्याच्याकडं सगळ्यांत जास्त कवड्या, त्यानं मालकाकडं एक मागणं मागायचं. मालकानं नाही म्हणायचं नाही. याला सगळे पाडव्याचा शब्द म्हणत. एकानं नळ मागून घेतला होता. एकानं जिन्यावरचा दिवा. एका वर्षी कुणीतरी नुसती एक चादर मागितली, त्याला लोक अजून हसत. आणि बहुतेक वर्षी सिद्रामप्पाच जिंकत, मग कुणालाच काही मिळत नसे.

बाई मात्र त्या गादीवर कधी बसली नव्हती.

मला पत्ते येत होते. मी वैरागची. बाजारच्या दिवशी वडील गाडी सोडून झाडाखाली डाव मांडायचे आणि चौथा गडी नसला की मला बसवायचे. आमच्या यजमानांना हे माहीत होतं. त्यांना मी बेत सांगितला. ते एवढंच म्हणाले, “जा. पर चिडू नकोस. चिडलीस की तुझं कान लाल हुत्यात, आन् ते साऱ्या सोलापूरला दिसत्यात.”

पाडव्याला जेवणं आटोपल्यावर मी दुकानात गेले. गादीवर तिघे होते. सिद्रामप्पा लोडाला टेकून. त्यांच्या उजवीकडं धुळाप्पा, चादरींची दलाली करणारे म्हातारे गृहस्थ. डावीकडं वरच्या मजल्यावरचे भाडेकरू रावजी, ट्रकांच्या बुकिंगच्या हापिसात काम करणारे. चौथ्या जागी शिंपी बसायचा, तो अजून आला नव्हता. मी चपला काढल्या आणि त्या जागी बसले.

रावजींना वाटलं मी काही निरोप घेऊन आले आहे. त्यांनी कुणाला बोलावू म्हणून विचारलं. मी म्हटलं, कुणाला नको, मला पत्ते वाटा. मग दुकानात आणि दुकानाबाहेर बरंच बोलणं झालं. रावजी म्हणाले, बायकांबरोबर खेळायची आमच्यात रीत नाही. मी म्हटलं, मग तुमच्या पंचवीस कवड्या मला द्या, मी पन्नासनं खेळते. दाराशी जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, मास्तरीणच जुगार खेळली तर पोरं काय शिकणार. त्याला मी म्हटलं, ते शिकवायला खोली राहिली तर सांगेन. सिद्रामप्पा हसत होते. त्यांना मी काय मागणार ते कळलं होतं, आणि मी हरणार याची त्यांना खात्रीही होती. माझ्यापुढं त्यांनी स्वतःच पंचवीस कवड्या मोजून ठेवल्या.

पत्ते न खेळणाऱ्यांसाठी डाव थोडक्यात सांगते. प्रत्येकानं सुरुवातीला दोन कवड्या मधे ठेवायच्या, मग प्रत्येकाला तीन पत्ते मिळतात. ज्याचे पत्ते भारी तो जिंकतो, पण पत्ते उघडेपर्यंत टिकून राहिला तर. प्रत्येकानं आपली पाळी आली की मधे कवड्या टाकायच्या नाहीतर पत्ते टाकून बाजूला व्हायचं. म्हणजे हातात काही नसतानासुद्धा, तुम्ही धीटपणानं टाकत राहिलात आणि बाकीचे घाबरून बाजूला झाले, तर मधला ढीग तुमचा. म्हणून या खेळात पत्त्यांइतकंच समोरच्याचं तोंड वाचायचं असतं आणि आपलं तोंड झाकायचं असतं.

तोंड झाकण्याचा मला सराव होता. लहान मुलाला सात आणि पाच किती विचारलं तर ते बोटांकडं बघत नाही, बाईंच्या भुवयांकडं बघतं. दहा म्हणून बघतं, भुवई हलली की अकरा म्हणतं, आणि बारावर आलं की बाईंच्या चेहऱ्यावर ऊन पडतं, की झालं. त्या मुलाला बेरीज आली नाही, बाई वाचता आल्या. हे ध्यानात आल्यावर मी भुवया बांधायला शिकले. चुकलं तरी तेच तोंड, बरोबर आलं तरी तेच. नऊ वर्षं मी तेच करत होते. म्हणून मला वाटलं, हे तिघे माझं काय वाचणार.

पहिले काही डाव तसेच गेले. एकदा बदामाचा राजा आणि चौकटचा राजा अशी जोडी आली, मी ती भाकरीच्या पिठाकडं बघावं तशी बघितली आणि रावजींच्या सहा कवड्या घेतल्या. धुळाप्पा कौतुकानं मान हलवायला लागले.

तेव्हा सिद्रामप्पा बोलायला लागले.

ते खेळाबद्दल नव्हे, मुलांबद्दल बोलत होते. आधी सहज. किती पोरं येतात, काय शिकवता. मग पत्ते पिसता पिसता म्हणाले, “बाई, येक सांगा. विडीवाल्याची पोरं ही. शिकून काय करनार? विड्या मोजायला इंग्लिश लागतंय का?”

रावजी हसले. मी माझे पत्ते उचलले. पण माझे कान तापले, आणि तापलेले कान आतून लगेच कळतात. त्या डावात माझ्याकडं अठ्ठी, छक्की आणि तिर्री होती, म्हणजे काहीच नव्हतं. टाकून द्यायला हवी होती. मला मात्र त्या माणसाला हरवायचं होतं, त्याच डावात, त्याच क्षणी. मी चार टाकल्या. त्यांनी चार टाकल्या. मी पुन्हा चार टाकल्या. ते माझ्या कानांकडं बघत होते. शेवटी त्यांनी पत्ते उघडले तेव्हा तीन बदामं होती. माझ्यापुढं चौदा कवड्या उरल्या.

पुढच्या डावात मी पुन्हा तेच करणार होते. हात पत्त्यांकडं गेलासुद्धा. हरल्यावर लगेच परत जिंकून घ्यावंसं वाटतं, हे दुखणं मोठ्यांना होतं तसंच पाच वर्षांच्यांनाही होतं. गणित चुकलं की मूल थुंकी लावून पाटी पुसतं आणि ओल्या पाटीवर लगेच लिहायला जातं. ओल्या पाटीवर अक्षर उमटत नाही, पेन्सिल घसरते, मग ते आणखी जोरात दाबतं आणि पेन्सिल मोडते. मी त्यांना सांगायची, पेन्सिल खाली ठेव. हात मांडीवर. पाटी वाळू दे. वाळेपर्यंत काही लिहायचं नाही, येत असलं तरी.

मी पत्ते न बघता खाली ठेवले, बाजूला झाले म्हणून सांगितलं आणि हात मांडीवर घेतले. त्याच्या पुढच्या डावातही तसंच केलं. रावजी म्हणाले, बाई घाबरल्या. सिद्रामप्पांनी आणखी दोनदा मुलांचा विषय काढला. मी पाटी वाळू देत होते. चौदाच्या दहा कवड्या झाल्या, पण त्या दोन डावांत मी पहिल्यांदाच त्या माणसाकडं नीट बघितलं.

तेव्हा मला एक गोष्ट ऐकू आली. त्यातल्या पहिल्या डावात ते कवड्या टाकताना मोठ्यानं म्हणाले, “घे, चार,” आणि भिरकावल्यासारख्या मधे टाकल्या. धुळाप्पा आणि रावजी दोघेही घाबरून बाजूला झाले. सिद्रामप्पांना जिंकण्यापेक्षा फसवल्याचा आनंद जास्त, म्हणून त्यांनी आपले पत्ते उलटून दाखवले. सत्ती, चव्वी, दुर्री. काहीच नव्हतं. दुसऱ्या डावात मात्र ते काही बोलले नाहीत. बोटानं एकेक कवडी ढिगातून सरकवत होते आणि ओठांतल्या ओठांत कानडीत एक ते चार मोजत होते, “वंदु, यरडु, मूरु, नाक.” रावजी टिकून राहिले आणि सिद्रामप्पांनी तीन राण्या मांडल्या.

माझ्या वर्गात ईरम्मा नावाची सहा वर्षांची मुलगी होती. तिला मराठीतले आकडे शंभरपर्यंत एका दमात म्हणता यायचे. पण तिच्यापुढं चिंचोके टाकून हे किती आहेत ते सांग म्हटलं की तिचे ओठ हलायला लागत, आणि त्यातून निघे वंदु, यरडु, मूरु. सगळ्या मुलांचं तसंच. म्हणायचं असलं की शाळेच्या भाषेत म्हणतात, खरोखर मोजायचं असलं की घरच्या भाषेत मोजतात. मोठं झाल्यावर हे जात नाही, फक्त आवाज खाली जातो. सिद्रामप्पा चांगले पत्ते आले की मनापासून मोजत होते. काही नसलं की आम्हाला ऐकवत होते.

लगेच पुढच्याच डावात परीक्षा आली. मला दोन राण्या आणि एक गुलाम आला. राजांच्या जोडीनंतरची माझी सगळ्यात चांगली पानं. मला फार वाटत होतं की आता घ्यावं सगळं परत. सिद्रामप्पा कवड्या सरकवत होते आणि मला ऐकू आलं, “नाक, ऐदु, आरु.” मी राण्या टाकून दिल्या. हरल्यावर चिडू नये हे सोपं वाटावं इतकं, चांगलं हातातलं सोडून देणं अवघड असतं. रावजी राहिले आणि त्यांच्या शेवटच्या कवड्या गेल्या. सिद्रामप्पांकडं सत्ती, अठ्ठी, नव्वी अशी ओळीनं तीन होती. माझ्या राण्या त्यापुढं काहीच नव्हत्या.

रावजी उठून बाजूला बसले. आता ते मला सल्ले द्यायला लागले.

त्यानंतर मी दुसरं एक केलं. या खेळात पत्ते न बघता खेळायची मुभा असते. त्याला ब्लाइंड म्हणतात. न बघणाऱ्यानं जितक्या कवड्या टाकल्या त्याच्या दुप्पट बघणाऱ्याला टाकाव्या लागतात. आणि दोघंच उरले असतील, एकानं बघितलंय आणि दुसऱ्यानं नाही, तर बघितलेल्याला पत्ते उघडा म्हणून मागता येत नाही. त्यानं टाकत राहायचं नाहीतर बाजूला व्हायचं. माझे कान मला ताब्यात ठेवता येत नव्हते हे मी कबूल केलं होतं. मग कानांना काही कळूच द्यायचं नाही. जे मलाच माहीत नाही ते माझ्या तोंडावर येणार कुठून.

मी पत्ते पालथे ठेवले आणि बघणं बंद केलं. सिद्रामप्पा घरच्या भाषेत मोजायला लागले की मी बाजूला व्हायची. मराठीत ऐकवायला लागले की राहायची. हे नेहमी साधलं असं नाही. एकदा ते मोठ्यानं “सहा” म्हणाले, मी राहिले, शेवटी उघडलं तर त्यांच्याकडं काही नव्हतंच, पण माझ्याकडं त्याहून कमी होतं. ऐकण्यानं समोरचा वाचता येतो, आपले पत्ते बदलत नाहीत. तरीही चारच्या सुमाराला माझ्यापुढं वीस झाल्या, मग तीस. सिद्रामप्पांनी मला चिडवायला पुन्हा मुलं काढली, टेंभुर्णीचा व्यापारी काढला, गठ्ठे कुठं लावणार तेही सांगितलं. त्यांना उत्तर द्यावं असं खूप वाटलं. मी माझ्या पालथ्या पत्त्यांकडं बोट करून म्हटलं, तुमची पाळी आहे, मालक.

धुळाप्पांच्या कवड्या संपल्या तेव्हा त्यांना वाईट वाटल्याचं दिसलं नाही. त्यांनी पानाचा डबा उघडला आणि माझ्या बाजूला सरकून बसले. आता आम्ही दोघंच. सिद्रामप्पांकडं अठ्ठावन्न, माझ्याकडं बेचाळीस. दाराशी निम्मी पेठ उभी होती. विडीच्या घरांतल्या बायका हात पुसत येऊन उभ्या होत्या. त्यांच्याकडं मी मुद्दाम बघितलं नाही. आतल्या दारात सिद्रामप्पांच्या बायको, अक्कम्मा वहिनी उभ्या होत्या. दुपारपासून त्यांनी चार वेळा चहा आणला होता आणि एक शब्द बोलल्या नव्हत्या.

रावजींनी पत्ते वाटले. आम्ही दोघांनी सुरुवातीच्या दोन-दोन कवड्या मधे ठेवल्या. मी पत्ते उचलले नाहीत. दोन कवड्या टाकल्या.

सिद्रामप्पांनी आपले पत्ते उचलले, पंख्यासारखे उघडले आणि चटकन मिटले. “चार,” म्हणाले आणि टाकल्या. कवड्या गादीवरून घरंगळल्या.

मी चार टाकल्या. माझे पत्ते तसेच.

“आठ.” या वेळी दाराशी उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेलं.

आता मला पत्ते उघडा म्हणून मागता आलं असतं. न बघणाऱ्याला ती मुभा असते. पण मागितलं असतं तर सगळं पत्त्यांवर गेलं असतं, आणि पत्त्यांनी एकदा मला हात दाखवला होता. रावजी हळूच म्हणाले, निदान बघा तरी. बोटं वळवळत होती. तीन पालथे पत्ते मांडीपासून वीतभर अंतरावर असणं आणि ते न बघणं, याच्यापुढं मघाचा राग म्हणजे काहीच नव्हता. मी हात मांडीवर घेतले. पाटी वाळली. मग आठ कवड्या मोजल्या, आमच्या वैरागच्या मराठीत, मनातल्या मनात, आणि मधे ठेवल्या.

आता सिद्रामप्पांना सोळा टाकायच्या होत्या. त्यांनी माझ्या कानांकडं बघितलं. मग माझ्या पत्त्यांकडं. मग स्वतःच्या ढिगाकडं, त्यात चव्वेचाळीस होत्या. एका डावासाठी एवढ्या कशाला घालवायच्या, पुढचा डाव आहे की, असं ते धुळाप्पांना उद्देशून म्हणाले. धुळाप्पा पानाला चुना लावत राहिले. सिद्रामप्पांनी पत्ते टाकले.

मधल्या तीस कवड्या मी दोन्ही हातांनी ओढून घेतल्या. माझ्या सव्वीस आणि या तीस, छप्पन्न झाल्या. सिद्रामप्पा पुढचा डाव वाटायला पत्ते गोळा करू लागले, तेवढ्यात उंबऱ्याशी पितळेची समई टेकल्याचा आवाज झाला.

“दीपा हच्चेनि,” अक्कम्मा वहिनी म्हणाल्या. दिवा लावलाय.

बाहेर अजून बऱ्यापैकी उजेड होता. सिद्रामप्पा तसं म्हणालेही, एवढ्या लवकर कशाला, रोज तर अजून अर्धा तास असतो. वहिनींनी वातीवर हात आडवा धरला, वारा लागू नये म्हणून, आणि नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या की आज पाडवा आहे, रोज नाही. त्या आतल्या दारातून कधी हलल्या, वात कधी केली, तेल कधी घातलं, कुणी बघितलं नव्हतं. सगळे समईकडं बघत होते. मग बाहेरच्या बायकांपैकी कुणीतरी हात जोडले, आणि दिव्याला हात जोडले गेल्यावर पत्ते वाटता येत नाहीत.

सिद्रामप्पांनी शेवटचा प्रयत्न केला. पाडव्याचा शब्द भाडेकरूंना असतो, म्हणाले. मी तर भाडंच देत नव्हते. रावजी तो मुद्दा बरोबर आहे म्हणून मान हलवायला लागले. माझ्या तोंडाशी बरंच आलं, त्यांच्या वडिलांचं नावही आलं. मी ते बोलले नाही. धुळाप्पांनी पानाचा डबा बंद केला.

“मालक, हे पत्ते वाटायच्या आदी इचारायचं हुतं,” ते म्हणाले. “तुमी सोताच्या हातानं पंचवीस कवड्या मोजून दिलाव की बाईस्नी.”

दुकानात कुणी हसलं नाही, ते बरं झालं. हसले असते तर सिद्रामप्पा अडून बसले असते. ते थोडा वेळ समईकडं बघत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, काय मागता.

“खोली ऱ्हाऊ द्या. पोरं येत्यात तवर.”

ते म्हणाले, एक वर्ष. मी म्हटलं, शब्दाला मुदत कुठं असते, मालक. तुमच्या आजोबांनी नळ दिला तो वर्षानं काढून घेतला का. त्यांनी गोळा केलेले पत्ते खाली ठेवले. शेवटी ते म्हणाले की टेंभुर्णीवाल्याला ते स्वतः सांगतील. ते तसे वाईट नव्हते. वाईट असते तर दिवा विझवून पुढचा डाव वाटला असता.

उठताना त्यांचं लक्ष माझ्या पत्त्यांकडं गेलं. तिन्ही अजून गादीवर पालथे पडले होते. त्यांचा हात पुढं आला.

“आता तरी दाखवा. काय हुतं?”

मी ते तीन पत्ते उचलले, चित्राची बाजू खाली ठेवून, बाकीच्या पत्त्यांत घातले आणि पिसले. रावजींनी कपाळावर हात मारला.

“मला बी ठाऊक न्हाय, मालक.”

“कळून घ्यावं वाटत न्हाय व्हय तुमाला?”

“वाटतंय की. लई वाटतंय.”

आणि मी पिसत राहिले. एक्काही असेल त्यात. दुर्रीही असेल. दोन्ही असले तरी खोली माझ्या मुलांची झाली होती, आणि त्यासाठी मी कुणालाच काही दाखवायला बांधील नव्हते, मलासुद्धा.

दाराशी उभ्या असलेल्या बायकांनी मला वाट दिली. त्यांच्यापैकी दोघीतिघींनी काही विचारलं, मी मान हलवली आणि चालत राहिले. मास्तरीण जुगार खेळली म्हणणारे गृहस्थ तिथंच होते. त्यांना मी नमस्कार केला. दुकानापासून खोली पन्नास पावलं. ती पन्नास पावलं मी तेच तोंड घेऊन चालले, नऊ वर्षं कमावलेलं. कुलूप काढलं, आत गेले, दार लावून घेतलं आणि कडी घातली.

मग माझे पाय हलायला लागले. आधी मला वाटलं थरथरतायत. तर ते नाचत होते. पोत्यांवर, फळ्यापुढं, पदर खोचून, एकटीच. तोंडातून आवाजही येत होता, हसण्याचा का रडण्याचा ते मी तपासलं नाही. चिंचोक्यांचा डबा पायानं कलंडला आणि चिंचोके सगळ्या खोलीभर झाले. कान तर असे तापले होते की त्यावर भाकरी भाजली असती. तापू देत, म्हटलं.

रस्त्याकडच्या खिडकीचं एक फळकूट मोडलेलं होतं. तिथं गजांना धरून ईरम्मा उभी होती. तिच्यामागं आणखी पाच-सहा टाळकी, पाडव्याचे नवे कपडे घातलेली. त्यांनी बाईंचं असं तोंड कधी बघितलं नव्हतं. ती सगळी घाबरून माझ्या भुवयांकडं बघत होती.

“बाई,” ईरम्मानं विचारलं, “तुमी नाचायलाव?”

“व्हय,” म्हटलं, आणि थांबले नाही.